जाहिरातीचा माग कोठून निघतो आणि तो कोठे तोडावा

गेल्या वर्षी आईच्या गुडघेदुखीमुळे एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांच्या किमती पाहत बसलो होतो. विकत काहीच घेतले नाही. फक्त उठता उठता एका संकेतस्थळावर 'पहिल्या खरेदीवर सवलत' मिळेल म्हणून आईचा मोबाइल क्रमांक भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्या वाचताना दोन परिच्छेदांच्या मध्ये तीच निळी पट्टी दिसली. दुपारी धाकट्या भावाच्या फोनवर सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात आली, आणि त्याने तर गुडघा हा शब्द आयुष्यात कधी टाइप केला नसेल. तिसऱ्या दिवशी आईलाच अनोळखी क्रमांकावरून फोन आला, "काकू, गुडघ्यांची मोफत तपासणी आहे, येताय ना?" घरात एकमताने निकाल लागला, की फोन आपले बोलणे ऐकतो.

फोन ऐकत नव्हता. तीन जाहिराती तीन वेगवेगळ्या वाटांनी आल्या होत्या. पहिली कुकीच्या, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्याशा नोंदीच्या, वाटेने आली, दुसरी बहुधा घरातल्या सामायिक वायफायच्या वाटेने, आणि तिसरी मी स्वतःच्या हाताने भरलेल्या मोबाइल क्रमांकाच्या वाटेने. हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण गोपनीयतेचा प्रत्येक उपाय यांपैकी एखादीच वाट बंद करतो. कुकी रोखणारा माणूस मोबाइल क्रमांक वाटेल तेथे देत असेल, तर त्याने पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवले आहे. म्हणून खालील पायऱ्या मी कमी श्रमात अधिक लाभ या क्रमाने मांडल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कोणती वाट बंद होते व कोणती होत नाही, तेही सांगितले आहे.

पान उघडते तेव्हा काय घडते

कुकी ही मुळात निरुपद्रवी सोय होती. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती तयार केली, ती संकेतस्थळाला आपला ग्राहक पुन्हा ओळखता यावा आणि त्याने टोपलीत टाकलेल्या वस्तू पान बदलताच नाहीशा होऊ नयेत म्हणून. आजही बँकेत किंवा रेल्वेच्या आरक्षणात एकदा प्रवेश केल्यावर प्रत्येक पानावर पासवर्ड द्यावा लागत नाही, तो कुकीमुळेच. अडचण पुढे उद्भवली. बातमीच्या पानावरील जाहिरात ही वृत्तपत्राच्या नव्हे, तर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि तो सर्व्हरही आपली कुकी आपल्या ब्राउझरमध्ये ठेवू शकतो. तीच कंपनी पट्टी विकणाऱ्या पानावरही असते आणि बातमीच्या पानावरही. दोन्हीकडे तिला तीच कुकी सापडली, की काल पट्टी पाहणारा आणि आज बातमी वाचणारा माणूस एकच आहे, हे तिला कळते. तिला आपले नाव ठाऊक नसते, आणि या कामासाठी ते लागतही नाही.

मोकळ्या जाहिरातजागेचा लिलावही याच क्षणी होतो. पान उघडताच आपले साधारण ठिकाण, उपकरणाचा प्रकार, वाचत असलेल्या पानाचा पत्ता आणि एक ओळखचिन्ह अशी माहिती अनेक कंपन्यांकडे जाते, त्या बोली लावतात, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पानावर येते. यातील खटकणारी गोष्ट अशी, की जे बोली हरतात त्यांच्याकडेही ती माहिती पोहोचलेली असते.

पहिली पायरी : आधी तपासून पाहणे

काहीही बदलण्यापूर्वी आपली सध्याची स्थिती पाहावी. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था 'कव्हर युवर ट्रॅक्स' नावाची मोफत चाचणी चालवते. हे नाव शोधयंत्रात रोमन अक्षरांत टाकावे, संस्थेचेच पान उघडावे आणि चाचणीची कळ दाबावी. मिनिटभरात तीन उत्तरे मिळतात. माग काढणाऱ्या जाहिराती अडवल्या जातात का, अदृश्य मागकरी अडवले जातात का, आणि आपल्या ब्राउझरचा ठसा इतरांपासून किती वेगळा आहे, अशी ती उत्तरे असतात. या निकालाचे छायाचित्र जपून ठेवावे, म्हणजे पुढील पायऱ्यांनंतर नेमका काय फरक पडला ते दिसेल. तिसऱ्या उत्तराने लगेच घाबरून जाऊ नये. त्याविषयी शेवटाकडे लिहिले आहे.

दुसरी पायरी : ब्राउझर

अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० पासून सर्व तृतीय पक्षाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्याच कंपन्यांच्या, कुकी आपणहून रोखल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ज्ञात मागकऱ्यांच्या कुकी अडवण्यास सुरुवात केली आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवाव्यात तशी व्यवस्था सर्वांसाठी लागू केली, त्यामुळे एका पानावरची कुकी दुसऱ्या पानावर वाचता येत नाही. क्रोमची कथा निराळी आहे. गूगलने जानेवारी २०२० मध्ये या कुकी दोन वर्षांत बंद करू असे जाहीर केले, मग मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याला याविषयी वेगळा प्रश्नही विचारणार नाही, असे सांगितले. भारतात बहुसंख्य लोक क्रोमच वापरतात. म्हणजे हे काम आपल्याला हातानेच करावे लागणार.

संगणकावरील क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर टिचकी मारून सेटिंग्ज उघडावे, डावीकडील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी निवडावे, त्यात थर्ड-पार्टी कुकीज या ओळीत जाऊन त्या रोखण्याचा पर्याय चालू करावा. फोनवरील क्रोममध्ये हीच गोष्ट सेटिंग्जमधील साइट सेटिंग्ज या विभागात मिळते. 'अ‍ॅड प्रायव्हसी' नावाचा विभाग दिसत असेल, तर त्यातील सर्व कळी बंद कराव्यात. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये 'ट्रॅकिंग प्रिव्हेन्शन' हा स्तर स्ट्रिक्ट करावा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, एनहान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन या वाटेने जाऊन स्ट्रिक्ट निवडावे. माझा स्वतःचा सल्ला असा, की रोजच्या वाचनासाठी फायरफॉक्स ठेवावा आणि एखादे सरकारी किंवा कार्यालयीन संकेतस्थळ क्रोमशिवाय चालतच नसेल, तर क्रोम तेवढ्यापुरता उघडावा. दोन ब्राउझर वेगळ्या कामांना ठेवले, की माहितीची सरमिसळ आपोआप कमी होते.

तिसरी पायरी : जाहिरात-रोधक

येथे एकच नाव पुरेसे आहे, ते यूब्लॉक ओरिजिन. हे रेमंड हिल यांचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते विनामूल्य आहे, आणि ते देणग्याही मागत नाही. नावात 'ओरिजिन' हा शब्द आणि निर्माता म्हणून हिल यांचे नाव आहे का, हे बसवण्यापूर्वी पाहावे, कारण मिळत्याजुळत्या नावांची इतर विस्तारके, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, आहेत. ते फायरफॉक्सवर पूर्ण शक्तीने चालते, अँड्रॉइड फोनवरील फायरफॉक्सवरही. क्रोमने विस्तारकांचे नियम बदलल्यामुळे तेथे मूळ आवृत्ती आता बंद झाली आहे आणि 'लाइट' ही हलकी आवृत्ती मिळते. काहीच नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. अँड्रॉइडवरील क्रोमला मात्र विस्तारके जोडताच येत नाहीत.

बसवल्यानंतर नेहमीचे एखादे बातम्यांचे पान उघडून विस्तारकाच्या चिन्हावरचा आकडा पाहावा. एकाच पानावर किती विनंत्या अडवल्या, तो हा आकडा असतो. पान खाली सरकवत जावे तसा तो वाढत जातो आणि वाचून संपेपर्यंत तो कधी कधी तीन अंकी होतो. मी हे घरी आईला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "एवढे लोक माझ्या खांद्यावरून वाचत होते?" इतके नेमके वर्णन मला सुचले नसते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. अनेक मराठी संकेतस्थळे जाहिरातींवरच जगतात, आणि रोधक त्यांचे उत्पन्न कापतो. जाहिरातीला माझा विरोध नाही. आपले दिवाळी अंक तर शतकभर जाहिरातींवरच निघत आले आहेत. परंतु दिवाळी अंकातील सोन्याच्या पेढीची जाहिरात अंक उघडणाऱ्या प्रत्येकाला सारखीच दिसते, आणि पान कोणी उलटले, त्याने नंतर काय वाचले, याचा पत्ता पेढीला लागत नाही. पुरणपोळीच्या पाककृतीशेजारी वेलदोड्याची जाहिरात दाखवायला वाचकाचा माग काढावा लागत नाही. ज्या संकेतस्थळाची आपल्याला कदर आहे त्याच्यापुरता रोधक बंद ठेवावा, किंवा त्याची वर्गणी भरावी. यूब्लॉकच्या खिडकीतील मोठी वर्तुळाकार कळ एकदा दाबली, की फक्त त्या संकेतस्थळापुरते ते बंद होते.

चौथी पायरी : फोन

ब्राउझर सुधारला तरी फोनवरील अ‍ॅप त्याच्या बाहेर असतात. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत जाहिरातदारांसाठी एक ओळखचिन्ह असते. निरनिराळी अ‍ॅप तेच चिन्ह वाचतात आणि त्यावरून एकाच माणसाच्या हालचाली जोडतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगल या विभागात अ‍ॅड्स उघडावे. काही फोनमध्ये ते सिक्युरिटी अँड प्रायव्हसीखाली सापडते, आणि सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत हा शब्द टाइप करावा. तेथे 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' निवडावे. 'रीसेट' नव्हे, 'डिलीट'. रीसेट केल्याने केवळ नवे चिन्ह मिळते. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग येथे जाऊन अ‍ॅपना विचारण्याचीच मुभा बंद करावी. अ‍ॅपलने ही परवानगी एप्रिल २०२१ मध्ये सक्तीची केली.

नंतर परवानग्या पाहाव्यात. परमिशन मॅनेजरमध्ये एकेक गोष्ट उघडली, की ती कोणकोणत्या अ‍ॅपला दिली आहे याची यादी येते. पंचांगाच्या अ‍ॅपला सूर्योदयाच्या वेळेसाठी ठिकाण लागते, हे समजण्यासारखे आहे, तरी त्याला अंदाजे ठिकाण पुरते. संपर्कयादी मात्र त्याला कशाला हवी? जी परवानगी का दिली ते आठवत नाही, ती काढून घ्यावी. अ‍ॅपला खरोखर गरज पडली, तर ते पुन्हा विचारते. आणखी एक सवय उपयोगी पडते. जे दुकान महिन्यातून एकदा लागते, त्याचे अ‍ॅप काढून टाकून संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडावे, कारण तेथे आपला रोधक कामाला येतो.

आता फोन ऐकतो, या समजाविषयी. २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून आवाज टिपून तो बाहेर पाठवल्याचे त्यांना आढळले नाही. काही अ‍ॅप मात्र पडद्यावर काय चालले आहे याचे चित्रण बाहेर पाठवत होती. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून माइक चालू असताना पडद्याच्या वर लहानसा रंगीत ठिपका दिसतो, तेव्हा शंका असेल तर तो पाहावा. माझ्या भावाला तेल दाखवले गेले त्याचे कारण बहुधा साधे होते. घरातील सर्व उपकरणे एकाच वायफायमधून, म्हणजे बाहेरून पाहता एकाच पत्त्यावरून इंटरनेटवर जातात, आणि एका घरात एका वेळी एकच गुडघा दुखत असला तरी जाहिरात सगळ्यांना दाखवून पाहायला कंपनीचे काही जात नाही.

अँड्रॉइडवर सर्व अ‍ॅपना एकदम लागू होणारा एक उपाय आहे, तो म्हणजे प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस ही नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा असते. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्क अँड इंटरनेट या विभागात तो मिळतो. तेथे होस्टनेमच्या रकान्यात 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' हा पत्ता रोमन अक्षरांत भरून जतन करावा. यानंतर अ‍ॅपनी ज्ञात जाहिरात-सर्व्हरचा पत्ता विचारला, तर उत्तरच मिळत नाही. दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. यूट्यूब किंवा फेसबुकमधील जाहिराती त्यांच्याच सर्व्हरवरून येत असल्याने त्या यातून थांबत नाहीत. आणि स्थानकावरचे किंवा हॉटेलातले वायफाय, जेथे आधी प्रवेशाचे पान उघडावे लागते, ते कधी कधी अडते. तेवढ्या वेळेपुरता हा पर्याय 'ऑटोमॅटिक' करावा.

पाचवी पायरी : खाती

गूगलमध्ये प्रवेश करून नकाशा, यूट्यूब आणि शोध वापरणाऱ्याचा माग काढायला गूगलला तृतीय पक्षाच्या कुकीची गरज नसते. त्यामुळे ही पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नये. खात्याच्या चित्रावर टिचकी मारून खाते व्यवस्थापनात जावे आणि डेटा अँड प्रायव्हसी उघडावे. वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी, टाइमलाइन आणि यूट्यूब हिस्ट्री या तिन्ही नोंदी तेथे आढळतील. त्या बंद करता येतात. बंद केल्याने शोधाच्या सूचना कमी नेमक्या होतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी निदान वेब अँड अ‍ॅप आणि यूट्यूब या दोन नोंदींना ऑटो-डिलीट लावून ३ महिन्यांचा कालावधी निवडावा. त्याच पानावरून माय अ‍ॅड सेंटर उघडते. तेथे वैयक्तिक जाहिरातींची कळ बंद करता येते. ती चालू ठेवायची असली, तरी संवेदनशील विषयांच्या यादीतील दारू, जुगार, डेटिंग, गर्भारपण व पालकत्व आणि वजन घटवणे हे विषय कमी करता येतात. ज्या घराने गर्भपाताचे दुःख भोगले आहे, तेथे बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती येत राहणे काय असते, हे मी जवळून पाहिले आहे. ती एक कळ कोणीतरी आधी दाखवायला हवी होती.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी अकाउंट्स सेंटरमध्ये 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' उघडून त्यात मेटाच्या, म्हणजे या दोन्हींच्या मालक कंपनीच्या, बाहेरील हालचालींची नोंद शोधावी. आपण फेसबुक उघडलेही नसताना इतर दुकानांनी आणि अ‍ॅपनी आपल्याविषयी काय कळवले, त्याची यादी तेथे असते. आधी ती शांतपणे वाचावी, मग पुसावी, आणि पुढील माहिती खात्याशी न जोडण्याचा पर्याय निवडावा. हे सर्व केल्यावरही जाहिरातींची संख्या घटत नाही, आणि त्या कंपन्या माहिती जमवणे पूर्णपणे थांबवतात असेही नाही. थांबतो तो त्या माहितीवरून आपल्याला जाहिरात दाखवण्याचा भाग.

सहावी पायरी : मोबाइल क्रमांक

मागावर असलेल्यांसाठी आपल्याकडे खरी किल्ली मोबाइल क्रमांक हीच आहे, असे माझे ठाम मत आहे. परदेशी लेखांतून उचललेल्या सल्ल्यांत ही गोष्ट हमखास राहून जाते. कुकी पुसता येते, फोन बदलता येतो. क्रमांक मात्र आपण दहा-पंधरा वर्षे जपतो, आणि तो बँकेला, आधारला, गॅसला, शाळेला जोडलेला असतो. औषधाच्या दुकानात बिल करताना, कपड्यांच्या दालनात, पार्किंगच्या पावतीवर तो विचारला जातो आणि आपण सवयीने सांगतो, तोही मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

दुकानाकडे जमलेली क्रमांकांची यादी मोठ्या जाहिरात-मंचावर चढवता येते. मंच आपल्या वापरकर्त्यांच्या क्रमांकांशी ती जुळवतो आणि जुळलेल्यांना त्या दुकानाची जाहिरात दाखवतो. दुपारी रोखीने घेतलेल्या सॅन्डलची जाहिरात संध्याकाळी इन्स्टाग्रामवर दिसते, ती अशी. यादी चढवताना क्रमांकाऐवजी त्याचा गणिती ठसा पाठवला जातो, त्यामुळे ती सुरक्षित आहे, असे सांगण्यात येते. पण भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. तेवढ्या सगळ्यांचे ठसे आधीच काढून ठेवणे आजच्या संगणकाला मुळीच जड नाही.

तेव्हा दुकानात क्रमांक विचारला, तर 'नको, बिल कागदावरच द्या' असे सौम्यपणे म्हणावे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सूचना दिली आहे, की वस्तू विकताना ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये. गल्ल्यावरचा मुलगा 'सिस्टिम पुढे जात नाही' म्हणतो; व्यवस्थापकाला बोलावले, की ती बहुतेक वेळा पुढे जाते. त्या मुलावर चिडण्यात अर्थ नाही. जेथे ऑनलाइन खरेदी वारंवार होते, तेथे घरातील एखादा दुय्यम क्रमांक, जो बँकेला जोडलेला नाही, फक्त पार्सलसाठी ठेवावा.

ई-मेलसाठी याहून सोपी युक्ती आहे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, तरी पत्र आपल्यालाच येते. चपलांच्या दुकानाला 'चप्पल' जोडून पत्ता दिला आणि उद्या त्या पत्त्यावर विमा कंपनीचे पत्र आले, तर पत्ता कोणी पुढे सरकवला ते कळते. काही अर्ज हे चिन्ह स्वीकारत नाहीत. त्यावर इलाज नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये बाहेरील चित्रे दाखवण्यापूर्वी विचारण्याचा पर्यायही निवडावा, कारण जाहिरातीच्या पत्रात दडवलेले ठिपक्याएवढे चित्र उघडले, की पत्र वाचले गेल्याची वर्दी पाठवणाऱ्याला जाते.

जो क्रमांक आधीच सगळीकडे गेला आहे, त्यासाठी १९०९ या क्रमांकावर रोमन अक्षरांत 'स्टार्ट ०' असा एसएमएस पाठवून व्यापारी फोन व संदेश बंद करण्याची नोंदणी करावी. नोंदणी असूनही फोन आला, तर त्याच १९०९ वर तक्रार करता येते. मात्र आपण एखाद्या कंपनीला स्वतःहून संमती दिली असेल, तर ही नोंदणी तिला अडवत नाही, आणि 'मी अटी मान्य करतो' या चौकटीतील खूण म्हणजे पुष्कळदा तीच संमती असते. आईच्या बाबतीत माझ्याकडून हेच घडले होते.

कायदा यात हळूहळू येतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्यातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणे यांवर बंदी आहे. आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल. ती सूचना मराठीत आली, की लोक ती वाचतील का, हा प्रश्न वेगळा; पण मागण्याचा हक्क असेल.

दुव्याचे शेपूट

ही लहान गोष्ट आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज घडते. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरून 'शेअर' केलेल्या दुव्यात प्रश्नचिन्हानंतर अक्षरांची लांबच लांब माळ असते. कोणी पाठवले आणि कोणी उघडले, यांची सांगड घालायला ती उपयोगी पडते. पाठवण्यापूर्वी प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग खोडावा आणि दुवा चालतो का ते पाहावे. यूट्यूबच्या लांब दुव्यात प्रश्नचिन्हानंतरच 'व्ही' या अक्षरापुढे चित्रफितीचा क्रमांक असतो, तेवढा मात्र ठेवावा लागतो. फायरफॉक्समध्ये दुव्यावर उजवी टिचकी मारल्यास स्वच्छ दुवा उचलण्याचा पर्याय येतो.

ब्राउझरचा ठसा

आता पहिल्या पायरीतील तिसऱ्या उत्तराकडे येऊ. कुकी न ठेवताही ब्राउझर ओळखता येतो. पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, भाषा, बसवलेले फॉन्ट, चित्र रेखाटण्याची त्या संगणकाची खास लकब या सगळ्यांची बेरीज पुष्कळदा एकमेव असते. ती चाचणी चालवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्क्यांचा ठसा इतर कोणाशीच जुळला नाही.

मराठी माणसाला येथे एक खास अडचण आहे. ज्या संगणकावर छपाईच्या कामासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम बसवलेली आहे, त्यावर शेकडो देवनागरी फॉन्ट असतात, आणि जगातील फार थोड्या संगणकांवर तोच संच असतो. ब्राउझरची पसंतीची भाषा मराठी ठेवली, तर तीही प्रत्येक विनंतीसोबत संकेतस्थळाला कळवली जाते. गर्दीत मिसळून जाणे हाच ठशावरचा उपाय असल्याने, जे वेगळे तेच ओळखू येते. म्हणून मराठी भाषा काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. माझ्या ब्राउझरमध्ये ती पहिलीच आहे, आणि ते नुकसान मी पत्करले आहे. डीटीपीच्या संगणकावर मात्र खासगी वाचन करू नये, आणि करायचेच असेल तर स्ट्रिक्ट स्तरावरचा फायरफॉक्स किंवा मॅकवर सफारी वापरावा, कारण ते बाहेरून बसवलेले फॉन्ट संकेतस्थळांपासून लपवतात. ठसा पूर्ण पुसण्याच्या मागे लागून विस्तारकांची रास घालू नये. प्रत्येक नवे विस्तारक आपल्याला आणखी वेगळे करू शकते.

ज्यांवर फार भिस्त ठेवू नये

इन्कॉग्निटो खिडकी घरातल्यांपासून इतिहास लपवते, संकेतस्थळांपासून आपल्याला नाही. या गैरसमजावरून गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला, आणि २०२४ मधील तडजोडीत कंपनीने खासगी ब्राउझिंगच्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. व्हीपीएन, म्हणजे आपली वर्दळ दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, आपला पत्ता बदलतो, पण आपण त्याच खात्यात प्रवेश केलेला असेल आणि कुकी तीच असेल, तर जाहिरातदाराला पत्त्याची फारशी गरज उरत नाही. शिवाय आपली सारी वर्दळ आता व्हीपीएन चालवणाऱ्याच्या हातून जाते, तेव्हा फुकट व्हीपीएनचा खर्च कोण भागवते, हे स्वतःला विचारावे. कुकींसाठी संमती विचारणाऱ्या पट्ट्या युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना अधिक दिसतात. तेथे स्वीकारण्याइतकेच नाकारणे सोपे ठेवले नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. नकाराची कळ दिसत असेल तर ती दाबावी. तिच्यासाठी तीन-तीन पडदे शोधत बसावे लागत असेल, तर तेथे रोधकाने जे अडवायचे ते आधीच अडवलेले असते.

काही अडले तर

या बदलांनंतर पहिल्या आठवड्यात एखाददुसरे संकेतस्थळ हमखास रुसते. पैसे भरण्याचे पान गोल फिरत राहते, नकाशा येत नाही, किंवा एका खात्याने दुसरीकडे प्रवेश करण्याची कळ दाद देत नाही. अशा वेळी सगळे मूळपदावर आणू नये. पत्त्याच्या पट्टीशेजारील ढालीच्या किंवा डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून फक्त त्या संकेतस्थळापुरते संरक्षण उठवावे आणि पान पुन्हा लोड करावे. तरीही अडले, तर यूब्लॉकची कळ त्या ठिकाणी बंद करावी, आणि त्यानेही भागले नाही तर ते काम बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये उरकावे. पैसे भरताना अर्धवट अडकलेले पान पुन्हा लोड करण्यापूर्वी खात्यातून रक्कम गेली आहे का, ते मात्र आधी पाहावे.

शेवटी 'कव्हर युवर ट्रॅक्स' पुन्हा चालवून जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावे. पहिल्या दोन उत्तरांत बदल दिसला पाहिजे. दिसला नाही, तर दुसऱ्या पायरीतील कळ किंवा तिसऱ्या पायरीतील विस्तारक कोठेतरी राहून गेले आहे. आईच्या फोनवर हे सगळे करायला मला पाऊण तास लागला, त्यातली पंधरा मिनिटे तिचा गूगलचा पासवर्ड आठवण्यात गेली. तो शेवटी कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहिलेला सापडला.